ओल्या रस्त्यावर शर्यत घ्या, पण नियम आधी लिहा

प्रति,
आयोजन समिती व पंच मंडळ, क्रिटेरियम सायकल शर्यत
आणि महापालिकेच्या रस्ते विभागातील अभियंते

सप्रेम नमस्कार.

स्वातंत्र्यदिनानंतरच्या रविवारी आपण शहरात क्रिटेरियम घेतली आणि ती यशस्वीरीत्या पार पडल्याचे पत्रक काढले. पुढची शर्यत गांधी जयंतीला, त्याच मार्गावर आणि त्याच स्वरूपात होईल, असे त्याच पत्रकात जाहीर केले आहे. त्या सकाळी जखमी झालेल्या खेळाडूंबद्दल त्यात एकच वाक्य आहे : पावसात पडणे हा खेळाचा भाग आहे.

हे वाक्य वाचून गप्प बसणे मला जमले नाही, म्हणून हे पत्र. ते आपल्याला उद्देशून असले तरी मुद्दाम सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण ज्या पालकांनी मुलांच्या अर्जावर सह्या केल्या आणि ज्या रहिवाशांनी आपल्या दारातला रस्ता सकाळभर बंद राहू दिला, त्यांनाही हे कळायला हवे.

मी खुल्या महिला गटात उतरले होते. माझी भाची सोळा वर्षांखालील मुलींच्या गटात होती. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि नोकरी-घर सांभाळून पहाटे सायकल चालवते. या शहरात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. आमच्यापैकी कोणाला यातून पोट भरायचे नाही. पण अशा शर्यतीची आम्ही वर्षभर वाट बघतो. भाचीच्या तोंडी कोल्हापूरची पूजा दानोळे आणि संगमनेरची प्रणिता सोमण या सायकलपटूंची नावे सतत असतात. त्या रविवारी तीही पडली. तिचे खरचटण्यावर निभावले, तिच्याच गटातल्या दुसऱ्या मुलीचे कॉलरबोन मोडले. भाचीला २ ऑक्टोबरला पुन्हा उतरायचे आहे आणि मला तिला अडवायचे नाही. या पत्रामागचा माझा स्वार्थ म्हणाल तर तो एवढाच.

शर्यत रद्द करा, असे मी म्हणत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरातही गाठतो. पाऊस म्हणून सायकल बाजूला ठेवली तर वर्षाचा तिसरा हिस्सा गेला. ओल्या रस्त्यावर सायकल चालवणे हे कौशल्य आहे, ते शिकावे लागते, आणि त्याची कसोटी शर्यतीत लागायलाच हवी. ६ ऑगस्ट २०२३ ला ग्लासगोमध्ये जागतिक अजिंक्यपद शर्यत शहरातल्या वळणावळणाच्या मार्गावर झाली. सोळा-सतरा किलोमीटर उरले असताना एकटा पुढे निघालेला मॅथ्यू व्हान डर पूल ओल्या वळणावर आडवा झाला, उठला आणि तरीही विश्वविजेता ठरला. ती शर्यत पाहताना आम्ही सगळे खुर्चीतून उठलो होतो. पडण्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती या गोष्टीला, की पावसाळ्यात शर्यत ठेवून पावसाचा एकही नियम लिहिला गेला नव्हता. ऑगस्टमधला पाऊस हा काही अनपेक्षित प्रसंग नव्हे.

ज्यांनी क्रिटेरियम पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. हायवेवरच्या लांब शर्यतीपेक्षा हा प्रकार वेगळा. इथे दीड-दोन किलोमीटरचा बंद मार्ग असतो आणि त्यावर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायच्या असतात. सगळे घोळक्याने, एकमेकांच्या चाकाला चाक लावून. वळणे भरपूर, वेग जास्त, प्रत्येक वळणातून बाहेर पडताना पुन्हा जोर लावायचा. म्हणूनच मार्गावर एक जागा धोक्याची असेल तर खेळाडू तिथून एकदाच जात नाही. दर दोन-तीन मिनिटांनी तो तिथे परत येतो, दर वेळी अधिक थकलेला असतो, आणि दर वेळी त्याच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी असते.

आपल्या मार्गावर अशी जागा म्हणजे तिसरे वळण. पाण्याच्या टाकीकडून हलका उतार येतो, मग डावीकडे काटकोनात वळायचे. वळणाच्या ऐन पोटात झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आहेत आणि त्यांना लागून ड्रेनेजचे लोखंडी झाकण, रस्त्याच्या पातळीपेक्षा थोडे खाली गेलेले. वळताना सगळ्यात चांगली रेषा नेमकी या दोन्हींवरून जाते. त्या सकाळी पडलेल्यांपैकी जवळजवळ सगळे तिथेच पडले. एकाच जागी इतके जण पडतात तेव्हा चूक प्रत्येकाच्या कौशल्यात शोधण्याआधी त्या जागेकडे बघायला हवे.

हे हिशेबानेही दाखवता येते, आणि तो हिशेब दहावीच्या मुलाला जमतो. वळताना लागणारे अभिकेंद्री त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. चांगली रेषा धरली तर तिसऱ्या वळणाची त्रिज्या साधारण १५ मीटर येते. शंभर भागिले पंधरा म्हणजे सुमारे ६.७, गुरुत्वीय त्वरणाच्या जवळपास ६८ टक्के. थोडक्यात, टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणांक ०.६८ पेक्षा जास्त असेल तरच सायकल त्या वेगाने वळेल, नाहीतर निसटेल. कोरड्या, स्वच्छ डांबरावर एवढी पकड मिळते. ओल्या डांबरावर ती साधारण ०.५ च्या आसपास येते, रस्ता वापरून गुळगुळीत झालेला असेल तर आणखी खाली. ओल्या रंगावर आणि ओल्या लोखंडावर तर तिचा भरवसाच नाही. आता वेग ताशी ३० वर आणा : गरज ०.४७ वर येते. ताशी २७ वर आणा : ०.३८. वेग पाव हिश्श्याने कमी केला की रस्त्याकडून मागायची पकड जवळजवळ निम्म्यावर येते. खेळाडू जड आहे की हलका, याने यात काही फरक पडत नाही, कारण वस्तुमान समीकरणात दोन्ही बाजूंनी कटते.

म्हणजे तिसऱ्या वळणाआधी वेग उतरवण्याची सोय केली असती, किंवा पट्टे आणि झाकण टाळून जाणारी रेषा शंकू ठेवून आखून दिली असती, तर त्याच पावसात, त्याच खेळाडूंनी ते वळण घेतले असते. आपण त्याच्या उलट केले. बॅरिकेड वळणाच्या बाहेरच्या बाजूने इतके आत घेतले, की रुंद रेषा धरायला जागाच उरली नाही. प्रेक्षकांना उभे राहायला जागा हवी होती हे मला समजते. पण त्या बॅरिकेडचे लोखंडी पाय रस्त्यात बाहेर आलेले होते आणि समोर ना गवताच्या पेंढ्या होत्या, ना जुन्या गाद्या. जी मुलगी हाड मोडून घेऊन गेली ती रस्त्यावर पडून नव्हे, त्या पायावर आदळून.

ब्रेकबद्दलही थोडे सांगते, कारण आपल्याकडच्या शर्यतींत हा प्रश्न परदेशापेक्षा जास्त बिकट आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, रोड शर्यतींत डिस्क ब्रेकना जुलै २०१८ पासून कायमची मान्यता दिली. पावसात ते लगेच धरतात. रिम ब्रेकचे, म्हणजे चाकाची कड दाबून धरणाऱ्या ब्रेकचे, तसे नसते. रिमवरचे पाणी आधी पुसले जावे लागते, मगच पॅड धरतो. तो अर्धा-एक सेकंद ताशी ३६ च्या वेगात पाच ते दहा मीटर खाऊन टाकतो. आणि साध्या सायकलींच्या गटात जी मुले येतात, त्यांच्या चाकांना क्रोम केलेल्या लोखंडी रिमा असतात. ओल्या लोखंडी रिमवर रबरी पॅड जवळपास धरतच नाही. आपल्यातल्या प्रत्येकाने लहानपणी पावसात शाळेत जाताना पाय घासत सायकल थांबवलेली आहे. आसपासच्या गावांतून एसटीच्या टपावर सायकल टाकून आलेली ही मुले जिद्दीने कोणालाही हार जात नाहीत. पण पाऊस सुरू झाल्यावर आपण वेळ वाचवण्यासाठी दोन गट एकत्र सोडले. डिस्क ब्रेकवाली सायकल पुढे आणि लोखंडी रिमवाली मागे, दोघांत हातभर अंतर. पुढच्याने ब्रेक दाबला की मागच्याने काय करायचे? त्या धडकेत जो मुलगा पडला त्याच्यावर माइकवरून "अंतर ठेवून चालवा" असे ओरडले गेले. दोष त्याचा नव्हता. गट एकत्र करण्याचा निर्णय त्याने घेतलेला नव्हता.

मुळात शर्यत पावसात सापडली कशी, हेही लिहायला हवे. सकाळी रस्ता कोरडा होता. ठरलेल्या वेळेला आम्ही वॉर्मअप करून रेषेवर उभे होतो. प्रमुख पाहुणे यायचे होते म्हणून झेंडा थांबला. मग सत्कार झाले, भाषणे झाली. तोवर आभाळ भरून आले आणि पहिल्या गटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला सर आली. हवामान खात्याने त्या दिवसासाठी यलो अलर्ट दिलेला होता, तो प्रत्येकाच्या मोबाइलवर होता. पाहुण्यांचा मान मोठा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. सत्कार शर्यतीनंतर घेता येतात. पण पोटच्या पोरांना रस्त्यावर उतरवताना आभाळाकडे बघायचे, ही आपल्याकडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही अशी गोष्ट आहे.

पाऊस वाढला तेव्हा वेग कमी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात माइकवरून फेरीची बक्षिसे जाहीर होऊ लागली. पुढच्या फेरीत पहिल्या येणाऱ्याला अमुक यांच्यातर्फे रोख पाचशे, त्याच्या पुढच्या फेरीला तमुक यांच्यातर्फे हजार. देणाऱ्यांचे मन मोठे होते, यात शंका नाही. क्रिटेरियममध्ये अशी बक्षिसे असतातच, त्यांनीच खेळ रंगतो. पण ती कोरड्या रस्त्यावर. पंधरा वर्षांच्या मुलीला ओल्या रस्त्यावर पाचशे रुपयांसाठी तिसऱ्या वळणात झोकून द्यायला लावणे हे मला पटत नाही, आणि शांतपणे विचार केला तर आपल्यालाही पटणार नाही.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. मार्गावर एकच रुग्णवाहिका होती. कॉलरबोन मोडलेल्या मुलीला घेऊन ती गेली, ते योग्यच झाले. त्यानंतर मात्र रुग्णवाहिका परत येईपर्यंत शर्यत थांबायला हवी होती. ती थांबली नाही. पुढचा गट सोडला गेला. माझा गट. आम्ही रेषेवर उभ्या असताना आमच्यातल्या एकीने विचारले, तर उत्तर मिळाले की १०८ ला फोन केला आहे. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण चारही बाजूंनी बॅरिकेड लावलेल्या मार्गात ती गाडी कुठून शिरणार, बॅरिकेड कोण उघडणार, घोळका कोण थांबवणार, हे कोणालाच माहीत नव्हते. सुदैवाने वेळ आली नाही.

डोक्याला मार लागलेल्यांचे काय झाले? आमच्या गटातली एक जण डोक्यावर आपटली. हेल्मेटला तडा गेलेला दिसत होता. तिला उभे करून, पाणी पाजून, "ठीक आहे ना?" असे विचारून परत सायकलवर बसवले गेले. विचारणाऱ्या स्वयंसेवकाचा हेतू चांगला होता, पण हे त्याचे काम नव्हते. मेंदूला हादरा बसलेला माणूस "मी ठीक आहे" असेच म्हणतो. तडा गेलेले हेल्मेट दुसऱ्या आदळण्याला उपयोगाचे राहत नाही. मार्च २००३ मध्ये पॅरिस–नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह डोक्याला मार लागून गेला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात यूसीआयने व्यावसायिक खेळाडूंनाही हेल्मेट सक्तीचे केले. त्या नियमाची किंमत एका खेळाडूच्या जिवाने चुकवलेली आहे. हेल्मेट तुटलेले असताना शर्यत पुढे चालू देणे म्हणजे तो नियमच पुसून टाकणे.

आणि मोजणी. आमच्या शर्यतीच्या मध्यावर एक जण मार्गाच्या मागच्या बाजूला, शाळेच्या कुंपणालगत, पाय धरून बसली होती. तिथे मार्शल नव्हता. आमच्या फेऱ्या चालू होत्या, मंडपाजवळचे पंच पुढच्या पाच जणींचे क्रमांक लिहीत होते, आणि घोळक्यातून एक जण कमी झाली आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. तिथल्या रखवालदाराने तिला आत नेऊन बसवले.

ही बाब मी किरकोळ मानू शकत नाही. २६ सप्टेंबर २०२४ ला झुरिकमध्ये ज्युनियर मुलींची जागतिक अजिंक्यपद शर्यत पावसात झाली. स्वित्झर्लंडची अठरा वर्षांची म्युरिएल फुरर जंगलातल्या उतारावर रस्ता सोडून पडली. ती पडल्याचे लगेच कोणाला कळले नाही. ती बऱ्याच उशिरा सापडली आणि दुसऱ्या दिवशी गेली. स्वतःच्या देशात, जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, इतके अधिकारी, मोटारसायकली आणि कॅमेरे असताना. त्यानंतर २०२५ च्या किगालीतल्या जागतिक स्पर्धेत खेळाडूंच्या ठावठिकाण्यासाठी जीपीएस वापरले गेले. आपल्याकडे जीपीएस नको. दीड किलोमीटरच्या मार्गावर दोन माणसे, एक वही आणि दर फेरीला डोकी मोजण्याची शिस्त एवढे पुरते.

आपण म्हणाल, स्पर्धकांनी "सर्व जोखीम माझी" अशा अर्जावर सही केली होती. केली होती. मी वकील नाही, त्यामुळे त्या सहीचे कायद्यात काय वजन आहे यात शिरत नाही. पण जोखीम पत्करायची तर ती आधी सांगितलेली असावी लागते. झेब्रा पट्टे वळणाच्या पोटात आहेत, रुग्णवाहिका एकच आहे, पाऊस आला तर गट एकत्र केले जातील, हे अर्जावर कुठे लिहिले होते? माझ्या बहिणीने मुलीसाठी सही केली ती घसरण्याच्या जोखमीवर. कुंपणाशी मदतीविना बसून राहण्याच्या जोखमीवर तिने सही केलेली नाही.

मोठ्या शर्यतींचे आयोजक पावसात काय करतात ते पाहू. टूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा पॅरिसच्या शांझ एलिझेवर होतो. तोही एक प्रकारे क्रिटेरियमच, गुळगुळीत दगडी रस्त्यावरची. २०१५ मध्ये तिथे पाऊस होता, तेव्हा एकूण क्रमवारीची वेळ अंतिम रेषा पहिल्यांदा ओलांडतानाच नोंदवून टाकली. २०२५ मध्येही पावसामुळे वेळा आधीच गोठवल्या गेल्या. ज्यांना टप्पा जिंकायचा होता ते लढले, बाकीच्यांना जपून चालवायची मुभा मिळाली. त्या टप्प्याची रंगत कमी झाली, असे पाहणारा कोणीही म्हणणार नाही. शिवाय २०१६ पासून यूसीआयने टोकाच्या हवामानासाठी पद्धत ठरवून दिली आहे : आयोजक, मुख्य पंच, डॉक्टर आणि खेळाडूंचे प्रतिनिधी एकत्र बसतात आणि वेळ बदलायची, मार्ग बदलायचा, काही भाग शर्यतीतून वगळायचा की रद्द करायचे, हे ठरवतात. ती व्यवस्था व्यावसायिकांसाठी आहे. पण चौघांनी पाच मिनिटे एकत्र उभे राहायला पैसे लागत नाहीत.

म्हणून आमच्या मागण्या अशा.

शर्यतीच्या दिवशी "हवामानाचा निर्णय" घेणारी एकच व्यक्ती नेमा, तिचे नाव आधी जाहीर करा, आणि ती व्यक्ती प्रायोजक किंवा आयोजक नसावी. शर्यत थांबवण्याचा अधिकार तिला असावा आणि तो वापरल्याबद्दल तिला नंतर कोणी बोल लावू नये. तिच्यासोबत डॉक्टर, मुख्य पंच आणि प्रत्येक गटातून एक खेळाडू असावा.

ओल्या रस्त्यासाठी वेगळे नियमपत्रक काढा आणि ते नोंदणीच्या वेळीच द्या. त्यात एवढे तरी हवे : फेऱ्या कमी होतील, एका वेळी सोडायच्या स्पर्धकांची संख्या घटेल, गट कोणत्याही कारणाने एकत्र होणार नाहीत, लोखंडी रिमच्या सायकलींचा गट पाऊस चालू असताना सोडला जाणार नाही, फेरीची रोख बक्षिसे बंद राहतील. पाऊस फारच असला तर सोळा वर्षांखालील गटांना एकेकटे सोडून वेळ मोजा. मुले तेवढ्याच ईर्षेने धावतील आणि कोणाचे चाक कोणात अडकणार नाही.

पडलेल्याला मोफत फेरी मिळते, हा क्रिटेरियमचा जगभरचा नियम आहे. पडणे, पंक्चर, सायकलची मोडतोड यासाठी पिटमध्ये, म्हणजे मार्गालगतच्या दुरुस्तीच्या जागेत, येऊन सायकल तपासून पुढच्या फेरीला आपल्या जागी परत जाता येते. आपण तो ना सांगितला, ना पाळला. त्यामुळे पडलेली मुले वाकड्या हँडलने, एका ब्रेकवर, जिवाच्या आकांताने घोळका गाठायला धावत होती. हा नियम लागू करा आणि पिटमध्ये एक मेकॅनिक ठेवा. आणि हवा भरून देणाऱ्याला सांगा, की पावसात सगळ्यांना सरसकट १०० पीएसआय भरायचे नसते. सायकलचा अरुंद टायर या वेगात पाण्यावर तरंगत नाही, त्यामुळे नक्षीदार टायरचा आग्रहही नको. थोडी कमी हवा आणि मऊ रबर यांनीच पकड येते.

दोन रुग्णवाहिका. त्यातली निदान एक मार्गावर नसेल तेव्हा शर्यत बंद. तिच्यासाठी बॅरिकेडमध्ये एक जागा आणि तिथे एक माणूस ठरलेला. हेल्मेटला तडा गेला किंवा डोक्याला मार लागला तर त्या दिवशीची शर्यत संपली, आणि हे सांगण्याचा अधिकार फक्त डॉक्टरचा. दर फेरीला मोजणी. प्रत्येक वळणावर शिट्टी आणि पिवळा झेंडा असलेला मार्शल, आणि मागच्या बाजूलाही.

रस्ते विभागाला वेगळी विनंती. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीसाठी पुणे जिल्ह्यात रस्त्यांची कामे केली गेली. म्हणजे सायकलसाठी रस्ता नीट करता येतो. आम्हाला नवा रस्ता नको. तिसऱ्या वळणावरचे झाकण रस्त्याच्या पातळीला आणा. झेब्रा क्रॉसिंग वळणाच्या पोटातून थोडे अलीकडे सरळ भागावर घ्या. तिथे पायी जाणाऱ्यांनाही ते सोयीचे पडेल, कारण वळणावर वाहनचालकाला माणूस दिसत नाही. रंग पुन्हा माराल तेव्हा खरखरीत, न घसरणारा मारा. शाळेजवळच्या पॅचमधली सुटी झालेली खडी आदल्या संध्याकाळी झाडून घ्या. हे काम शर्यतीपुरते नाही. त्याच वळणावर रोज पावसात दुचाकी घसरतात, पेपर टाकणारी आणि दूध घालणारी मुले घसरतात. त्यांच्यासाठी तर कोणी पत्रकही काढत नाही.

ऑक्टोबरबद्दल एक इशारा. गांधी जयंतीला पाऊस नसेल, असे धरून चालू नका. त्या सुमारास आठवडाभर उघडीप असते, रस्त्यावर धूळ, टायरचे रबर आणि गाड्यांचे ऑइल साचते, आणि मग संध्याकाळी विजांसह एक सर येते. सतत धुतल्या जाणाऱ्या जुलैतल्या रस्त्यापेक्षा अशा पहिल्या सरीने ओला झालेला रस्ता जास्त निसरडा असतो. सकाळी ऊन पडलेले असेल आणि झाडांच्या सावलीतले चौथे वळण तरीही रात्रीच्या पावसाने ओले असेल. त्यामुळे निर्णय आभाळ बघून नव्हे, मार्गावर पायी फेरी मारून घ्या. सुरुवातीच्या अर्धा तास आधी.

या शर्यतीसाठी आपण परवानग्या मिळवल्या, प्रायोजक आणले, मुलींना मुलांइतकेच बक्षीस ठेवले. हे शेवटचे तर सगळ्याच मोठ्या स्पर्धांना जमलेले नाही, आणि त्याबद्दल आम्ही मनापासून ऋणी आहोत. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी चढून घाटाचा राजा ठरलेल्या सायकलपटूंचे किस्से ऐकत आमच्यातले कितीतरी जण मोठे झाले. आपल्या शहरातूनही तसे कोणी निघावे असे आम्हाला वाटते. म्हणूनच ही शर्यत टिकायला हवी. एखादा मोठा अपघात झाला तर पोलीस परवानगी देणार नाहीत आणि ही शर्यत कायमची बंद होईल, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

येत्या रविवारी सकाळी साडेसहा वाजता आम्ही काही स्पर्धक आणि पालक मार्गावर जमणार आहोत. मोजपट्टी, खडू आणि झाडू आमच्याकडे असतील. आयोजन समितीतल्या एकाने, पंचांपैकी एकाने आणि रस्ते विभागाच्या अभियंत्यांनी यावे. चारही वळणे सोबत चालून पाहू आणि कुठे शंकू, कुठे गाद्या, कुठे मार्शल हे तिथेच खडूने आखू. मार्शल कमी पडत असतील तर आमच्या सायकल गटातले जे शर्यतीत नाहीत ते विनामोबदला उभे राहतील. तशी वीसेक जणांची तयारी आहे.

नोंदणी बंद होण्याआधी ओल्या रस्त्याचे लेखी नियम जाहीर व्हावेत. ते झाले तर आम्ही सगळे पहिल्याच दिवशी नाव नोंदवू. न झाल्यास मी भाचीचा अर्ज भरणार नाही, माझाही नाही, आणि ज्या पालकांनी हे पत्र वाचून खाली सह्या केल्या आहेत तेही भरणार नाहीत.

कळावे,
आपली विश्वासू,
खुल्या महिला गटातील एक स्पर्धक
आणि सोबत सह्या करणारे पालक व सायकलपटू